पहिल्या प्रोसेसमागची माणसं

डेबियन या लिनक्स प्रकल्पाच्या तांत्रिक समितीत आठ सदस्य होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्यांच्यापुढे एक प्रश्न आला. संगणक सुरू झाल्यावर कर्नलने सगळ्यांत आधी जो प्रोग्राम चालवायचा, तो कोणता असावा? जुना सिस-व्ही इनिट तसाच ठेवायचा, कॅनॉनिकल कंपनीचा अपस्टार्ट घ्यायचा, रेड हॅटच्या माणसांनी सुरू केलेला सिस्टमडी घ्यायचा, की जेन्टूवाल्यांचा ओपनआरसी? हिवाळाभर खल झाला. शेवटी लढत सिस्टमडी आणि अपस्टार्ट यांच्यात उरली आणि मतं पडली चार-चार. ११ फेब्रुवारी २०१४ रोजी अध्यक्ष बीडेल गार्बी यांनी डेबियनच्या घटनेने दिलेलं निर्णायक मत सिस्टमडीच्या पारड्यात टाकलं.

इतका अटीतटीचा निकाल लागला की हरलेली बाजू सहसा हटून बसते. इथे तीनच दिवसांनी, १४ फेब्रुवारीला, कॅनॉनिकलचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी उबुंटूही सिस्टमडीकडे वळणार असल्याचं जाहीर करून टाकलं. ज्या प्रोग्रामवर कंपनीने २००६ पासून पैसा आणि माणसं लावली, त्याच्यावर इतक्या झटपट पाणी सोडलं. समितीतल्या चार जाणत्यांना जो अपस्टार्ट सरस वाटत होता, त्याचे मालकच एवढ्या लवकर का उठले? नुसता कोड वाचून याचं उत्तर मिळत नाही. दोन्ही प्रोग्रामांच्या मागे कोण उभं होतं, कोणाच्या पगारावर, आणि त्यांच्याखेरीज आणखी किती जणांचे हात त्या कामाला लागत होते, हे पाहावं लागतं.

आधी हा पहिला प्रोग्राम करतो काय ते पाहू. कर्नल जागं होतं, हार्डवेअर ओळखतं आणि मग एकच प्रोसेस स्वतः सुरू करतं. तिचा क्रमांक १, म्हणून ती पीआयडी १. नेटवर्क, लॉगिन, वेबसर्व्हर, डेटाबेस हे सगळं पुढे तिच्यातून किंवा तिच्या लेकरांतून जन्माला येतं. एखाद्या प्रोसेसची जन्मदाती मधेच गेली तर पोरकं झालेलं लेकरू एरवी पीआयडी १ च्याच पदरात पडतं. आणि पीआयडी १ स्वतः कोसळली तर कर्नल हात टेकतं, अख्खं यंत्र थांबतं. त्यामुळे इथे प्रयोग करायला कोणी सहसा धजत नसे. लिनक्सवर वर्षानुवर्षं चालला तो सिस-व्ही इनिट. एटी अँड टीच्या १९८३ च्या युनिक्स सिस्टम फाइव्हमधली पद्धत उचलून मिकेल व्हान स्मोरेनबर्ग या डच प्रोग्रामरने तो लिनक्ससाठी लिहिला. मूळ प्रोग्राम अगदी आटोपशीर. सगळी मेहनत होती ती इनिट.डी या फोल्डरातल्या स्क्रिप्टांमध्ये.

ती स्क्रिप्ट जवळून पाहण्यासारखी आहे. एकेक पॅकेज सांभाळणाऱ्या नव्या मेंटेनरांना डेबियन तिचा एक सांगाडा द्यायचं. तोच शंभराहून जास्त ओळींचा. वर टिप्पण्यांच्या रूपात आधी कोण, नंतर कोण याची नोंद. मग प्रोग्राम जागेवर आहे का, त्याची सेटिंगची फाइल आहे का, याची तपासणी. मग स्टार्ट, स्टॉप, रीस्टार्ट, स्टेटस असे एकेक कप्पे. सुरू होताना सर्व्हिस आपला प्रोसेस क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवणार आणि थांबवताना स्क्रिप्ट तो क्रमांक वाचून त्या प्रोसेसला मारणार. आता समजा सर्व्हिस मधल्या मधे कोसळली आणि तोच क्रमांक भलत्याच प्रोसेसला मिळाला. स्क्रिप्ट काळजीपूर्वक लिहिलेली नसेल तर बळी त्या निरपराध प्रोसेसचा. शिवाय डेबियनची मदतनीस साधनं वेगळी, फेडोराची वेगळी, सुसेची आणखी वेगळी. म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेस एकच, पण तो सुरू करायची स्क्रिप्ट प्रत्येक डिस्ट्रोत कोणीतरी आपापली लिहायची आणि आयुष्यभर सांभाळायची.

इनिटची स्पर्धा बहुतेक वेळा इथे चुकीची वाचली जाते असं मला वाटतं. इनिट लिहिणारे दोन-चार जण असतात, पण त्याच्या खाली राबणारे मेंटेनर शेकडो. त्यातल्या बहुतेकांना इनिटमध्ये काडीचा रस नसतो. त्यांना आपलं पॅकेज चालायला हवं असतं, एवढंच. पाठबळ मोजायचं तर या माणसांकडे पाहायला हवं. नवा इनिट त्यांचं काम वाढवतो की कमी करतो?

सिस-व्हीची अडचण लॅपटॉप आणि यूएसबीच्या काळात उघडी पडली. त्याचा सगळा कारभार ठरलेल्या क्रमाने. एस२० आधी, मग एस३०, अशी रांग. पण बाहेरची डिस्क अर्ध्या मिनिटाने जागी झाली, वायफाय मधेच आलं-गेलं, तर रांगेला त्याचा पत्ताच नाही. २००५ मध्ये सनने सोलारिस १० मध्ये एसएमएफ आणला, ॲपलने मॅकवर लाँचडी आणला. लिनक्सकडून उत्तर आलं २००६ मध्ये. कॅनॉनिकलमधल्या स्कॉट जेम्स रेम्नंट यांनी अपस्टार्ट लिहिला आणि त्या ऑक्टोबरच्या उबुंटू ६.१० मध्ये तो आला. कल्पना सुबक होती: डिस्क आली, नेटवर्क लागलं, अमुक सर्व्हिस सुरू झाली, या सगळ्या घटना, आणि प्रत्येक कामाने कोणत्या घटनेला जागं व्हायचं ते सांगायचं. फेडोराने ९ व्या आवृत्तीत तो घेतला. २०१० च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ मध्येही पीआयडी १ अपस्टार्टच होता. नोकियाच्या एन९०० फोनमध्ये तो होता, गूगलच्या क्रोम ओएसमध्येही होता.

नुसती यादी वाचली तर अपस्टार्टने बाजी मारली असंच वाटेल. पण रेड हॅटच्या त्या सहाव्या आवृत्तीत आत डोकावलं तर वर अपस्टार्टची पाटी आणि खाली जवळजवळ सगळ्या सर्व्हिसेस जुन्याच सिस-व्ही स्क्रिप्टांवर. अपस्टार्टच्या भाषेत कामं नव्याने लिहिण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. ती लिहिली गेली उबुंटूत, आणि उबुंटूपुरतीच राहिली. मेंटेनरांची जी फौज म्हणतो आहे, ती उबुंटूच्या कुंपणाबाहेर अपस्टार्टला कधी मिळालीच नाही.

कुंपणाला कारणही होतं. अपस्टार्टमध्ये कोड द्यायचा तर कॅनॉनिकलशी करार करावा लागे. आधी तर कॉपीराइटच कंपनीच्या नावे करून द्यायचा होता. २०११ मध्ये अट सैल झाली, कॉपीराइट लेखकाकडे राहू लागला, पण तो कोड दुसऱ्या परवान्याखाली देण्याची मुभा कंपनीने स्वतःकडे ठेवली. कायद्याने यात वावगं काही नाही. पण रेड हॅटच्या किंवा सुसेच्या पगारी अभियंत्याने प्रतिस्पर्धी कंपनीला अशी मुभा का द्यावी? त्यांनी नाही दिली. सिस्टमडीच्या लोकांनी स्वतंत्र वाट धरण्याची तांत्रिक कारणं सांगितली आणि ती खरीही होती, तरी या कराराचा उल्लेखही पुन्हा पुन्हा होत राहिला. माझ्या मते अपस्टार्टचा अर्धा निकाल इथेच लागला.

माणूसबळ अपुरं पडलं की ते कसं दिसतं, त्याचा एक नमुना सांगण्यासारखा आहे. बऱ्याच जुन्या सर्व्हिसेस सुरू होताना स्वतःची एक किंवा दोन प्रतिरूपं काढतात आणि मूळ प्रोसेस संपवतात. शेवटी उरलेली प्रोसेस हीच खरी सर्व्हिस. अपस्टार्ट ही प्रतिरूपं मोजून खरी कोणती ते ठरवायचा, पण एक की दोन हे मेंटेनरने आधी सांगायचं. ते चुकलं की अपस्टार्ट कधीच मेलेल्या प्रोसेस क्रमांकाची वाट बघत बसे. थांबव म्हटलं तरी थांबत नाही, सुरू कर म्हटलं तरी होत नाही. राजमान्य उपाय एकच, मशीन रीबूट करा. लोकांनी दुसरा शोधला. रूबीतली एक छोटी स्क्रिप्ट फिरत असे. ती पटापट रिकाम्या प्रोसेस जन्माला घालून मारत सुटायची. क्रमांक साधारण ३२ हजारांपर्यंत जाऊन पुन्हा सुरुवातीपासून लागतात, त्यामुळे फिरत फिरत कधीतरी नेमका तो मेलेला क्रमांक हाती लागायचा. त्या क्रमांकाची प्रोसेस जन्मली, लगेच मेली, आणि अपस्टार्टचा जीव भांड्यात पडला! बग सगळ्यांना माहीत होता, नोंदवलेला होता आणि वर्षानुवर्षं तसाच पडून होता. दरम्यान रेम्नंट कॅनॉनिकल सोडून गूगलमध्ये गेले. मागे उरलेलं काम कंपनीतल्या मोजक्या जणांच्या खांद्यावर आलं.

सिस्टमडीचा जाहीरनामा आला ३० एप्रिल २०१० रोजी. लिहिणारे रेड हॅटचे लेनार्ट पॉटरिंग, आणि कामात बरोबरीने काई सीव्हर्स, जे तेव्हा नोव्हेलमध्ये, म्हणजे सुसेच्या घरात होते. पहिल्या दिवसापासून दोन वेगळ्या कंपन्यांची माणसं एका प्रोग्रामवर बसली होती, हे नोंदवून ठेवण्यासारखं. करार-बिरार काही नाही, परवाना आधी जीपीएल, पुढे एलजीपीएल, ज्याचा कोड त्याचा कॉपीराइट. तांत्रिक कल्पनांपैकी मोठी कल्पना लाँचडीकडून उघडपणे घेतलेली: सर्व्हिसचं सॉकेट आधी उघडून ठेवा, म्हणजे सगळ्या सर्व्हिसेस एकदम सुरू करता येतात, कोणी कोणासाठी खोळंबत नाही. दुसरी गोष्ट कर्नलमध्ये आयती मिळाली. गूगलच्या अभियंत्यांनी लिहिलेले सीग्रुप्स, म्हणजे प्रोसेसांचे गट बांधण्याची सोय, २००८ मध्ये कर्नलमध्ये आले होते. सर्व्हिसला एका सीग्रुपमध्ये घातलं की तिने कितीही प्रतिरूपं काढली तरी ती त्याच वाड्यात राहतात. मोजणी नको, क्रमांकांच्या फाइली नकोत आणि ती रूबीची स्क्रिप्टही नको.

पण मेंटेनरांना भावली ती युनिट फाइल. शंभर ओळींच्या स्क्रिप्टच्या जागी दहा-बारा ओळी: सर्व्हिसचं वर्णन, कोणाच्या नंतर सुरू व्हायचं, कोणती कमांड चालवायची, कोसळल्यास पुन्हा उठवायचं का. त्यात प्रोग्रामिंग नाहीच. आणि डिस्ट्रोनिहाय फरक इतके कमी की एकच फाइल फेडोरात, आर्चमध्ये, सुसेत चालते. त्यामुळे ती मूळ प्रोग्राम लिहिणाराच आपल्या कोडबरोबर देऊ लागला. जे काम प्रत्येक डिस्ट्रोत वेगळा माणूस करत होता, ते एकाच ठिकाणी एकदाच होऊ लागलं. सिस्टमडीला आवडीने जवळ करणारे थोडे असतील, पण ज्याने ज्याने आपल्या कोडमध्ये युनिट फाइल टाकली, तो तो नकळत त्याच्या पाठीराख्यांत जमा झाला.

मग एकेक डिस्ट्रो आली. मे २०११ मध्ये फेडोरा १५, त्याच वर्षअखेरीस ओपनसुसे १२.१, ऑक्टोबर २०१२ मध्ये आर्च. आर्चची गोष्ट बोलकी आहे. आर्चच्या जुन्या इनिट स्क्रिप्टा सांभाळणारे टॉम गुंडरसन स्वतःच सिस्टमडीच्या डेव्हलपरांत सामील झाले आणि पुढे त्याचा नेटवर्कचा भाग त्यांनीच उभा केला. जुन्या व्यवस्थेचा राखणदारच नव्या घरात राहायला गेल्यावर जुनी टिकवणार कोण? जानेवारी २०१३ मध्ये पॉटरिंग यांनी सिस्टमडीविषयीच्या ३० गैरसमजांना उत्तर देणारा एक लांबलचक लेख लिहिला. मुख्य कोडमध्ये थेट बदल करण्याचा अधिकार असलेल्यांत रेड हॅटचे लोक निम्म्याहून कमी आहेत, हा त्यातला एक मुद्दा. लेखाचा सूर भांडखोर आहे, पण हा मुद्दा बिनतोड होता. अपस्टार्टला असं काही म्हणता येण्याजोगं नव्हतं.

पॉटरिंग यांच्या स्वभावाबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की त्यात भर घालायची इच्छा नाही. पल्सऑडिओ या आवाज हाताळणाऱ्या त्यांच्या आधीच्या प्रोग्रामपासून त्यांची ख्याती होती: कल्पना धाडसी, टीकेला उत्तर तिखट, आणि आपला बग हा बग नाहीच असं ठासून सांगण्याची सवय. २०१७ मध्ये आकड्याने सुरू होणारं युजरनेम दिल्यास सर्व्हिस चक्क रूटच्या अधिकाराने चालते असं उघड झालं. त्यावर जो प्रतिसाद मिळाला, त्यासाठी सिस्टमडीला त्या वर्षी सुरक्षा-जगतातला, सगळ्यांत पांचट प्रतिसादासाठीचा प्वनी पुरस्कार मिळाला. एप्रिल २०१४ मध्ये तर लिनस टोरवाल्ड्स यांनी काई सीव्हर्स यांचा कोड कर्नलमध्ये घेणार नाही असं जाहीर केलं होतं. बूट करताना दिलेल्या एका डीबग पर्यायावरून उडालेला खटका होता तो. उलट बाजूही आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये पॉटरिंग यांनी उघडपणे लिहिलं की आपल्याला जिवे मारण्यासाठी लोक वर्गणी गोळा करू पाहत होते. इनिटसाठी!

डेबियनचा वाद या पार्श्वभूमीवर झाला. समितीतले दोघे, स्टीव्ह लँगासेक आणि कॉलिन वॉटसन, कॅनॉनिकलचे कर्मचारी होते, आणि दोघांनीही अपस्टार्टला मत दिलं. साहजिकच बोटं रोखली गेली. पण वादात मला मोलाचं वाटतं ते रस ॲल्बरी यांनी केलेलं काम. त्यांनी मतं मांडत बसण्याआधी आपल्या देखभालीतली एक छोटी सर्व्हिस घेतली, ती दोन्ही इनिटांसाठी प्रत्यक्ष तयार केली आणि काय काय करावं लागलं ते लिहिलं. म्हणजे मेंटेनरच्या खुर्चीत बसून पाहिलं. त्यांचा कौल सिस्टमडीला गेला. इयान जॅक्सन यांनीही हात घाण करून पाहिले आणि त्यांना अपस्टार्ट अधिक नेटका वाटला. मतभेदाचा एक बारीक मुद्दा होता: मी आता तयार आहे, हे सर्व्हिसने इनिटला कळवायचं कसं? अपस्टार्टच्या पद्धतीत सर्व्हिस स्वतःला क्षणभर थांबवते आणि इनिट तिला पुढे ढकलतो. सिस्टमडीच्या पद्धतीत ती एका सॉकेटवर एक ओळ पाठवते. या मुद्द्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

फेब्रुवारीत निकाल लागला तरी धुरळा बसला नाही. कोणत्याही पॅकेजने एकाच इनिटवर विसंबून राहावं का, यावर नोव्हेंबर २०१४ मध्ये सगळ्या डेबियन डेव्हलपरांचं मतदान झालं आणि असा ठराव करायची गरजच नाही, हा पर्याय निवडून आला. त्याच महिन्यात डेबियनचे जुनेजाणते जोई हेस प्रकल्प सोडून गेले. सिस्टमडीचं पॅकेज सांभाळणाऱ्या चमूतून टोलेफ फोग हेन बाहेर पडले, रोजच्या शिव्यांना कंटाळून. तांत्रिक समितीतून जॅक्सन गेले, वॉटसन गेले आणि ॲल्बरीही गेले. विरुद्ध बाजूंनी मत दिलेली माणसं एकाच महिन्यात उठली. प्रकल्पाला या वादाची किंमत काय पडली, हे कमिट मोजून कळणार नाही.

नाराजांनी देवुआन नावाचा फोर्क काढला. घोषणा २७ नोव्हेंबर २०१४ ला झाली आणि पहिली पक्की आवृत्ती मे २०१७ मध्ये आली. डेबियनमधून एक पॅकेज वगळायचं म्हणजे वर्षभराचं काम असेल असं वाटावं. त्याला अडीच वर्षं लागली. तोपर्यंत सिस्टमडी म्हणजे पीआयडी १ पुरता मामला राहिलेला नव्हता. लॉगिन सत्रांचा हिशोब ठेवणारा लॉगइनडी त्यातच, हार्डवेअरला नावं देणारा युडेव्हही २०१२ पासून त्यातच. गनोम डेस्कटॉपला लॉगइनडी हवा झाला तेव्हा हा कट आहे अशी बोंब उठली. मला त्यात कटापेक्षा रिकामी खुर्ची दिसते. आधी हे काम कन्सोलकिट नावाचा प्रोग्राम करायचा आणि त्याला कोणी वाली उरला नव्हता. गनोमच्या डेव्हलपरांनी जिथे फोन उचलायला माणूस आहे ते दार ठोठावलं. विरोधकांनाही शेवटी तोच कोड कापून घ्यावा लागला. लॉगइनडीतून इलॉगइनडी निघाला, युडेव्हमधून जेन्टूवाल्यांनी, नावाला ई लावून, ईयुडेव्ह काढला. तो ईयुडेव्ह जेन्टूने २०२१ मध्ये सोडायचं ठरवलं, तेव्हा अल्पाइन आणि देवुआनसह काही डिस्ट्रोंच्या लोकांनी एकत्र येऊन त्याची देखभाल पत्करली.

मग पाठबळ कमी म्हणजे प्रोग्राम मेला असं समजायचं का? सिस-व्ही इनिटची २.८८ ही आवृत्ती २०१० मध्ये आली आणि २.८९ थेट २०१८ मध्ये, जेसी स्मिथ यांनी देखभाल हाती घेतल्यावर. मधली आठ वर्षं सामसूम. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या डेमनटूल्सची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि त्याच घराण्यातला, गेरिट पापे यांचा रनइट आजही व्हॉइड लिनक्सचा पाया आहे. हे प्रोग्राम एवढे लहान की एका माणसाने ते वाचून संपवावेत आणि समजून घ्यावेत. त्यांना फौज कशाला? ओपनआरसी रॉय मार्पल्स यांनी जेन्टूसाठी लिहायला घेतला. आज तो अल्पाइनमध्ये आहे आणि अल्पाइन जगभरच्या कंटेनरांत आहे. अर्थात कंटेनरमध्ये बहुधा इनिट चालतच नाही, म्हणून हा आकडा ओपनआरसीच्या खात्यात जमा करणारे थोडी चलाखी करतात.

तशीच चलाखी सिस्टमडीच्या बाजूनेही होते. एकूण हजाराहून जास्त जणांनी कोड दिला आहे, हे खरं. पण त्या झाडाखाली नेटवर्क, डीएनएस, लॉग, बूटलोडर, होम फोल्डर असं बरंच काही वाढलं आहे. एखाद्या मॅन्युअल पानातली चूक दुरुस्त करणाराही त्या हजारांत आणि पीआयडी १ चा गाभा हलवणाराही त्याच हजारांत. गाभ्याला हात लावणारे, दुसऱ्यांचे पॅच तपासून आत घेणारे लोक मोजके, आणि त्यातले बरेचसे रेड हॅट, मायक्रोसॉफ्ट, मेटा अशा कंपन्यांच्या पगारावर. म्हणून मी एकूण संख्येपेक्षा एक साधी परीक्षा लावतो: मुख्य माणूस उठून गेला तर काय होतं? रेम्नंट गेले आणि अपस्टार्ट मंदावला. सप्टेंबर २०१४ नंतर त्याची आवृत्तीच नाही. पॉटरिंग यांनी जुलै २०२२ मध्ये रेड हॅट सोडून मायक्रोसॉफ्ट गाठलं. त्या ऑक्टोबरमध्ये सिस्टमडीची २५२ वी आवृत्ती आली, पुढच्या फेब्रुवारीत २५३ वी. फेडोरातले झ्बिग्निएव येंद्झेयेव्स्की-श्मेक आणि यू वातानाबे यांच्यासारखी माणसं आधीपासूनच भार वाहत होती. लेखक दुसऱ्या कंपनीत गेल्याचं गालबोटही कामाला लागलं नाही. पुढे जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडाने, म्हणजे सरकारी पैशाने, सिस्टमडीच्या कामाला निधी दिला.

एवढं भरभक्कम घर, आणि त्याच्या तळघराची एक कडी किती कमजोर होती हे २९ मार्च २०२४ ला कळलं. पोस्टग्रेसचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड डेबियनच्या 'सिड' या अस्थिर आवृत्तीवर काम करत होते. एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढीच त्यांची तक्रार. धागा ओढत गेल्यावर एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत पेरलेलं चोरदार सापडलं. एक्सझेड सांभाळत होता एकटा स्वयंसेवक. खोट्या नावाने आलेल्या 'जिया तान'ने दोन-अडीच वर्षं इमानेइतबारे काम करून त्याचा विश्वास मिळवला, देखभालीत वाटा मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दार बसवलं. आता ओपनएसएसएचला एक्सझेडशी काय घेणंदेणं? काहीच नाही. पण डेबियन आणि फेडोराने ओपनएसएसएचला पॅच लावला होता, मी तयार आहे ही ती एक ओळ सिस्टमडीला कळवण्यासाठी. त्यासाठी सिस्टमडीची लायब्ररी जोडली, आणि तिने लॉग दाबण्यासाठी एक्सझेडला बरोबर आणलं. डेबियनच्या समितीत दोन पद्धतींवरून झालेली ती बारीक चर्चा दहा वर्षांनी अशी भेटली.

एक ओळ सॉकेटवर पाठवायला अख्खी लायब्ररी लागत नाही. सिस्टमडीवालेही तेच सांगतात. नंतर त्यांनी ते कसं करायचं याचा छोटा नमुनाच मॅन्युअलमध्ये दिला आणि जुलै २०२४ च्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये ते काम स्वतःच्या कोडने होऊ लागलं. सिस्टमडी विरुद्ध बाकीचे, या भांडणात दहा वर्षं माणसं मोजली गेली. त्या दहा वर्षांत एक्सझेडच्या दाराशी कोण आहे, हे मोजायला मात्र कोणी गेलं नव्हतं.

आपल्याकडे हा बदल पोचला तो वादाच्या रूपात नाही, अभ्यासक्रमाच्या रूपात. जून २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ सिस्टमडीसह आलं आणि पुण्या-ठाण्यातल्या आरएचसीएसए या रेड हॅटच्या सर्टिफिकेटच्या क्लासांत 'सर्व्हिस' कमांडच्या जागी 'सिस्टमसीटीएल' घोकणं सुरू झालं. पुण्यात रेड हॅटचं मोठं कार्यालय आहे. सर्टिफिकेट हातात घेऊन तिथे आणि अशा इतर कंपन्यांच्या सपोर्टमध्ये लागलेल्या कितीतरी मुलामुलींनी सिस-व्ही पाहिलेलाही नसेल. हेही पाठबळच. एका पिढीच्या बोटांना एकच कमांड माहीत असली की दुसरा इनिट सुचवणाऱ्याला आधी शिकवणी घ्यावी लागते.

दुसऱ्या बाजूची जागा दरवर्षी थोडी थोडी आक्रसते आहे. फोनसाठीच्या पोस्टमार्केटओएसने, जे अल्पाइनवर, म्हणजे ओपनआरसीवर उभं होतं, मार्च २०२४ मध्ये सिस्टमडीही आणणार असं जाहीर केलं. कारण साधं होतं. गनोम आणि केडीई सांभाळणाऱ्यांना सिस्टमडीशिवाय प्रत्येक गोष्टीला ठिगळ लावावं लागत होतं. २०२५ मध्ये गनोम ४९ ने सिस्टमडीवरचं अवलंबन आणखी घट्ट केलं. अपस्टार्ट मात्र क्रोमबुकांत तग धरून आहे. कॅनॉनिकलने तो केव्हाच सोडला, पण गूगलचे अभियंते आपल्यापुरता त्याला डागडुजी करत आले आहेत.

डेबियनने डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा मतदान घेतलं. कौल असा: सिस्टमडी हाच मुख्य, पण पर्याय धुंडाळणाऱ्यांना मदत करावी. त्यानंतर मेंटेनर आपल्या पॅकेजांतून जुन्या इनिट स्क्रिप्टा निवांतपणे काढू लागले. ती त्यांना आता मोकळीक होती. सिस-व्हीवाल्यांनी त्या टाकून दिलेल्या स्क्रिप्टा गोळा करून एक वेगळं पॅकेज बनवलं. डेबियनच्या भांडारात त्याचं नाव आहे 'ऑर्फन सिसव्हीइनिट स्क्रिप्ट्स'. ते बसवलं की ज्या सर्व्हिसची स्क्रिप्ट तिच्या मूळ पॅकेजाने टाकली, ती यातून मिळते. म्हणजे शेकडो मेंटेनर जे काम विखरून करत होते, ते आता मूठभर स्वयंसेवकांच्या एका फोल्डरात आलं आहे, आणि नवी स्क्रिप्ट टाकली गेली की त्यांना तीही उचलावी लागते.